मोटार नव्हती, मग कारंजं कसं उडायचं?

धाड काय किंवा बुलढाणा जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव काय, पाण्याचं गणित आज विजेशी बांधलेलं आहे. लाइट आली की मोटार सुरू होते, मोटार चालली की टाकी भरते, टाकी भरली की नळाला पाणी येतं. शेतातही तेच. विहिरीत पाणी डोळ्यांना दिसत असतं, पण डीपी जळालेली असते आणि हरभरा वाळत असतो. अशा गावातली पोरं सहलीला एखाद्या जुन्या राजवाड्यात जातात, तिथला माणूस सांगतो, ‘इथे कारंजी उडायची’, आणि एखादा चुणचुणीत पोरगा हमखास विचारतो, ‘मोटार कुठे होती?’

या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘तेव्हाचे लोक हुशार होते’ एवढंच उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यात सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं आहे. त्या वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. तेव्हा इंग्लंडमधली वाफेची यंत्रं नुकतीच कुठे खाणीतलं पाणी उपसायला लागली होती. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यासमोरच्या कालव्यात कारंज्यांची रांग आहे, ती १७व्या शतकातली. अहिल्यानगरचा फराहबाग त्याच्याही आधीचा. तलावाच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी महाल १५८३ साली पूर्ण झाला. या सगळ्या ठिकाणी पाणी कित्येक किलोमीटरवरून यायचं. उपसायला, ढकलायला यंत्र नव्हतं.

हे कसं साधलं, ते कळलं की राजवाडा बघायची आपली रीत बदलते. एरवी आपण दरवाजा, कमानी, नक्षी बघून फोटो काढतो आणि परत येतो. माझा आग्रह असा की राजवाड्याला गेलात की आधी त्याचं पाणी शोधा. बाग कुठे, महाल कुठे, हौद कुठे, हे सगळं त्या पाण्यानं ठरवलेलं असतं.

सिंदखेडराजा: वाड्याआधी तलाव

आपल्या जवळचा राजवाडा म्हणजे सिंदखेडराजाचा. धाडहून चिखली, देऊळगाव राजा करत तिथे जाता येतं. लखुजीराव जाधवांचा हा वाडा. इथेच १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. मुंबई-नागपूर रस्त्यालगतचं ते उंच प्रवेशद्वार लांबूनच नजरेत भरतं. दर वर्षी १२ जानेवारीला इथे पाऊल ठेवायला जागा नसते. वाड्याच्या आवारात आज जी बाग दिसते ती नगर परिषदेनं अलीकडे केलेली आहे. पण जुन्या माणसांनी पाण्याचं काय केलं होतं हे बघायचं तर गावात फिरायला हवं.

मोती तलावाकडे जा. त्याच्या बांधाचं तोंड एखाद्या किल्ल्याच्या तटासारखं आहे. प्रथम वाटतं, ही निव्वळ हौस असेल. तशी ती नाही. पाणी आपल्या वजनानं बांधाला ढकलत असतं आणि खोली वाढते तसा रेटा वाढतो. पृष्ठभागाखाली एक मीटरवर तो दर चौरस मीटरला एक टन असतो, पाच मीटरवर पाच टन. म्हणून बांध पायथ्याशी जाड आणि दगडात भक्कम बांधावा लागतो. किल्ल्याचा तट आणि तलावाचा बांध यांची घडण सारखी दिसते, कारण दोघांनाही मोठा रेटा अंगावर घ्यायचा असतो. एकाला तोफेचा, दुसऱ्याला पाण्याचा.

चांदणी तलावात मधोमध तीन मजली इमारत आहे. पुतळा बारवेत पायऱ्यांनी उतरत जाता आणि दोन्ही अंगांना कोरलेली शिल्पं भेटतात. सजना बारव गावाच्या पाणीपुरवठ्याशी जोडलेली. म्हणजे एवढ्याशा गावात साठवायचं पाणी, उतरून भरायचं पाणी आणि नुसतं भोवती ठेवून गारवा घ्यायचं पाणी, अशा तीन तऱ्हा आहेत. लखुजीराव हे अहमदनगरच्या निजामशाहीतले मातब्बर सरदार. त्या राजधानीत डोंगरातून नळांनी पाणी आणण्याची पद्धत तोवर चांगली रुळलेली होती. ज्या दरबारात ते वावरले तिथली ही विद्या त्यांना अनोळखी असेल असं मला वाटत नाही.

गवंड्याची नळी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घराचं बांधकाम चालू असताना गवंडी लेव्हल कशी काढतो ते आठवा. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी घेतो, तिच्यात पाणी भरतो, एक टोक या कोपऱ्याला धरतो आणि दुसरं त्या कोपऱ्याला. नळी मध्ये लोंबू दे, जमिनीवर वेटोळी होऊन पडू दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. त्या उंचीवर तो पेन्सिलीनं खूण करतो आणि आपली जोत्याची रेषा ठरते.

आता त्यातलं एक टोक हातभर खाली आणा. पाणी तिथून बाहेर उसळेल. दुसऱ्या टोकाला जेवढी उंची आहे तेवढं चढायचा त्याचा प्रयत्न असतो आणि वाटेत नळी संपलेली असते, म्हणून ते हवेत उडतं. कारंजं म्हणजे हेच. नळीचं वरचं टोक डोंगराच्या पायथ्याशी किंवा तलावाच्या बांधाशी, खालचं टोक बागेत, आणि मधली नळी जमिनीखालून गेलेली. दोन टोकांच्या उंचीतला फरक हीच त्या काळची मोटार. ती कधी जळत नाही आणि तिचं बिल येत नाही. पण ती एकदाच मिळते. वाटेत उंची वाया घालवली की ती परत मिळवता येत नाही. जुन्या कारागिरांचं सगळं कसब ही उंची जपून वापरण्यात होतं.

म्हणून उतार फार विचारानं ठरवावा लागे. पाणी फार उतरतं ठेवलं तर ते जोरात पळतं, नळाचा तळ खरवडतं आणि बागेत पोचेपर्यंत उंची संपलेली असते. उतार अगदीच कमी ठेवला तर पाणी रेंगाळतं आणि त्यातला गाळ खाली बसून वाट बुजते. हजार फुटांना दोन फूट उतार धरला तर पाच किलोमीटरच्या वाटेत पाणी दहा मीटर खाली येतं. एवढा बारीक उतार डोंगर, ओढे, शेतं ओलांडत सलग राखायचा, तोही ओळंबा, दोरी आणि पाण्याची पातळी एवढ्याच साधनांवर. हे मला कुठल्याही घुमटापेक्षा मोठं काम वाटतं.

डोंगरात पाणी कुठे असतं?

तलाव बांधला तर पाणी समोर दिसतं. पण मलिक अंबरानं वेगळीच वाट धरली. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. त्यानं १६१० साली खडकी गाव वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. या नव्या गावासाठी त्यानं जी नहर खोदवली ती नहर-ए-अंबरी. तिला वर कुठे तलाव नव्हता. तिनं डोंगराच्या पोटातलंच पाणी गोळा केलं.

हे कळायला आपल्या पायाखालचा दगड समजून घ्यावा लागतो. बुलढाणा, जालना, संभाजीनगर हा सगळा मुलूख लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झाला आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र असतो आणि झिजून त्याचा मुरूम होतो. खालचा भाग काळा, कठीण. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. विहीर खणणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. पावसाचं पाणी मुरमातून खाली झिरपतं, कठीण थराशी अडतं आणि मग आडवं सरकायला लागतं. डोंगराच्या कुशीत तो थर उघडा पडला की तिथे झरा फुटतो. लोणारला विवराच्या काठावर गोमुखातून जी बारमाही धार वाहते ती बघितली असेल, तर हे आडवं सरकलेलं पाणी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

झरा आपण होऊन फुटण्याची वाट बघायची नसेल तर डोंगराच्या दिशेनं जमिनीखाली एक लांब बोगदा खणायचा. गावाकडच्या तोंडापासून आत जाताना त्याला अगदी हलका चढ द्यायचा. आत जात जात बोगदा भूजलाच्या पातळीखाली शिरतो आणि चहूकडून पाणी त्यात पाझरायला लागतं. चढ हलका असल्यानं ते आपोआप गावाकडे वाहत येतं. वरची जमीन बोगद्यापेक्षा जास्त उतरती असते, त्यामुळे एका ठिकाणी बोगदा आणि जमीन एका पातळीला येतात आणि पाणी उजेडात येतं. खोदताना माती काढायला आणि आत हवा यायला ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी घेतात. इराणात ही पद्धत फार जुन्या काळापासून आहे. मलकापूरहून उत्तरेला गेलं की लागणाऱ्या बऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानानं सातपुड्याच्या पायथ्याशी १६१५च्या सुमारास असंच काम करवलं. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. तिथे उभ्या विहिरींची रांग जमिनीवर आजही दिसते.

मलिक अंबर आणि खानखाना रणांगणावर एकमेकांचे वैरी होते, एक निजामशाहीचा आणि दुसरा मोगलांचा. पण राजधानीला पाणी द्यायची वेळ आली तेव्हा दोघांनी एकच युक्ती वापरली, तीही काही वर्षांच्या अंतरानं.

खापरी नळ आणि सारणी

डोंगरातून निघालेलं पाणी महालापर्यंत न्यायच्या दोन वाटा होत्या. पहिली बांधीव सारणीची. दगड-चुन्यात बांधलेला, वरून झाकलेला भुयारी कालवा, ज्यात पाणी पूर्ण भरत नाही, वर हवा राहते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून शहरात पाणी आणलं ते अशा सारणीतून. तिच्यात माणूस शिरून चालू शकतो. म्हणजे साफसफाईची सोय बांधतानाच केलेली आहे. हे पाणी काळा हौद, बदामी हौद अशा हौदांमधून पेठांना मिळायचं आणि शनिवारवाड्यातही जायचं.

दुसरी वाट खापरी नळांची. अहिल्यानगरात, म्हणजे जुन्या अहमदनगरात, हा शब्द अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. भाजलेल्या मातीचे नळ, एका टोकाला निमुळते, दुसऱ्याला रुंद. एकाचं निमुळतं टोक पुढच्याच्या रुंद टोकात बसवायचं, सांध्यात चुना भरायचा आणि सबंध ओळ चुन्याच्या बांधकामात गाडून टाकायची. यात पाणी काठोकाठ भरून दाबानं वाहतं, म्हणजे गवंड्याच्या नळीसारखं ते मध्येच खाली उतरून पुन्हा चढू शकतं. ओढा आडवा आला तर सारणीला पूल बांधावा लागतो, पण नळ ओढ्याखालून घालता येतो.

पाणी जमिनीखालून नेल्यानं आणखी तीन गोष्टी साधतात. उन्हानं ते उडून जात नाही, त्यात जनावरं तोंड घालत नाहीत, आणि वेढा घालून बसलेल्या शत्रूला ते सहज सापडत नाही.

नळाला श्वास लागतो

पुण्याच्या सारणीवर ठिकठिकाणी दगडी धुराडी उभी असत. त्यांना उच्छ्वास म्हणतात. अनेकांना ते एखाद्या मंदिराचे किंवा समाधीचे अवशेष वाटतात. त्यांचं काम साधं आणि अत्यंत गरजेचं आहे.

ठिबकची पाइपलाइन चढउताराच्या शेतातून नेलेल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. पाण्याबरोबर हवाही नळात शिरते. हवा हलकी, म्हणून ती नळाच्या उंचवट्यावर जमते आणि तिथेच अडून बसते. त्या फुग्याखालून पाण्याला जेमतेम फट उरते, कधी प्रवाह पूर्ण थांबतो. आज आपण अशा जागी एअर व्हॉल्व्ह बसवतो. तेव्हा उच्छ्वास बांधायचे. हवा तिथून बाहेर पडायची, आणि कुठे वाट तुंबली आहे हे त्यात डोकावून कळायचं. सारणीत मध्ये मध्ये खोलगट खड्डेही ठेवलेले असत. पाणी तिथे मंदावतं, गाळ खाली बसतो, पुढे स्वच्छ पाणी जातं.

पाण्याचे मनोरे कशासाठी?

संभाजीनगरच्या नहरींच्या वाटेवर दगडी खांब, मनोरे उभे होते. पाणी खापरी नळानं खांबाच्या टोकापर्यंत चढायचं, तिथल्या उघड्या कुंडीत पडायचं आणि दुसऱ्या नळानं खाली उतरायचं. बघणाऱ्याला प्रश्न पडतो की खालून सरळ जाणारं पाणी उगाच वर कशाला चढवायचं?

उत्तर नळाच्या मातीत आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब. लोखंडी नळाला याचं काही वाटत नाही, पण भाजक्या मातीचा सांधा अशा दाबाखाली फुटू शकतो, विशेषतः पाण्याला झटका बसला तर. डोंगर जितका उंच तितका सखल भागातला दाब मोठा. मनोऱ्याच्या माथ्यावर पाणी उघड्यावर आलं की आधीचा वाढलेला दाब तिथे संपतो आणि पुढच्या नळाला फक्त त्या मनोऱ्याच्या उंचीएवढाच दाब राहतो. एका लांब, धोक्याच्या वाटेचे असे लहान लहान सुरक्षित तुकडे पाडलेले असत. कुंडीतून दोन-तीन फाटे काढून पाणी वाटूनही देता येई.

संभाजीनगरच्याच पाणचक्कीत गेलात तर भिंतीच्या उंचीवरून हौदात कोसळणारं पाणी दिसेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात हे सगळं उभं आहे. उत्तरेच्या डोंगरातून नहरीनं आलेलं पाणी इथे उंचावर चढवलेलं आहे, आणि याच पाण्याच्या जोरावर चक्कीचं पातं फिरून यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी धान्य दळलं जायचं. कारंजं उडवणारी उंचीच जातंही फिरवते.

तोंड बारीक का?

कारंज्याचं तोंड बारीक केलं की पाणी उंच उडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून लहानपणी आपण सगळ्यांनीच भावंडांना भिजवलेलं आहे. त्यावरून समज होतो की बारीक तोंडामुळे दाब तयार होतो. तसं नाही. दाब वरच्या हौदाच्या उंचीतून येतो आणि कितीही बारीक तोंड केलं तरी पाणी त्या हौदाच्या पातळीपेक्षा वर जात नाही.

मग फरक कशानं पडतो? तोंड मोठं असलं की नळातून भरपूर पाणी वेगानं धावतं आणि नळाच्या भिंतींशी घासत येतं. या घासण्यात त्याची बरीच उंची वाटेतच खर्च होते. तोंड बारीक केलं की नळातलं पाणी संथ होतं, घासणं कमी होतं, आणि जवळजवळ सगळी उंची शेवटच्या टोकापर्यंत शिल्लक राहते. ती तिथे एकदम मोकळी होते आणि पाणी उसळतं. म्हणून मुख्य नळ जाड आणि कारंज्याचं तोंड बारीक, असा नेम दिसतो.

ओळीनं वीस कारंजी असतील तर आणखी एक अडचण येते. पहिलं जोरात उडतं, शेवटचं नुसतं बुडबुडतं. ताजमहालाच्या बागेत यावर फार नेटकी तोड आहे. प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं भांडं बसवलेलं आहे आणि नळाचं पाणी आधी त्या भांड्यात जातं. सगळी भांडी भरली की दाब सारखा वाटला जातो आणि सगळी कारंजी एका उंचीनं उडतात.

पाणी किती लागत असेल? दोन मीटर उंचीचा दाब आणि एक सेंटिमीटर रुंदीचं तोंड धरलं, तर एका कारंज्यातून मिनिटाला सुमारे १८ लिटर पाणी जातं. म्हणजे तासाला हजार लिटरच्या वर. वीस कारंजी तासभर उडवायची तर दहा हजार लिटरचे दोन टँकर रिकामे होतात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या माणसाला हा आकडा टोचेल, आणि टोचावाही. पण एक लक्षात घ्या, ते पाणी गटारात जात नव्हतं.

बाग खाली, वाट वर

बीबी का मकबऱ्याच्या बागेत चालताना पायाखालची फरसबंद वाट दोन्ही बाजूंच्या हिरवळीपेक्षा उंच आहे हे ध्यानात घ्या. कारंज्याचं पाणी कालव्यात पडतं, कालवा भरला की पाणी उतारानं वाफ्यांत सोडता येतं. वाफे खाली असल्यानं ते नुसत्या फटीतून मोकळं केलं तरी पसरतं. आपण शेतात बारं देतो तेच हे. फक्त इथे दंड संगमरवराच्या शेजारून जातो. आधी शोभा, मग गारवा, मग सिंचन, असं एकच पाणी तीनदा कामाला येतं. चार भागांत वाटलेली मोगल पद्धतीची चारबाग नकाशावर देखणी दिसते. पण तिचे ते सरळ काटकोनातले कालवे मुळात पाणी चारही तुकड्यांना सारखं मिळावं म्हणून आहेत. कवायतीसारखी ती शिस्त त्यातून आलेली आहे.

गारवा किती खरा?

महालाभोवती पाणी ठेवल्यानं खरंच गार वाटतं की ती मनाची समजूत? खरंच गार होतं, आणि ते मोजता येतं. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. आज घरात दीड टनाचा एसी तासाभरात जेवढी उष्णता बाहेर टाकतो, तेवढी उष्णता सुमारे आठ लिटर पाण्याची वाफ होताना शोषली जाते. फक्त आठ लिटर!

अडचण अशी की साठलेलं पाणी फक्त पृष्ठभागावरून वाफाळतं, त्यामुळे काम सावकाश होतं. कारंजं इथे मोठी मदत करतं. एक लिटर पाण्याचे दोन मिलिमीटरचे थेंब केले तर त्या सगळ्या थेंबांचं मिळून अंग तीन चौरस मीटर भरतं. एवढं अंग हवेला लागलं की बाष्पीभवन झपाट्यानं होतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणून कूलर चालतो, आणि जुलैत तोच कूलर नुसती ओल करतो. कारंज्याचा गारवाही तसाच, कोरड्या उन्हाळ्यापुरता. त्यामुळे फराहबागेसारखे तलावातले महाल दख्खनच्या कोरड्या पठारावर शोभतात. ते कोकणात बांधले असते तर भर उन्हाळ्यातही दमट हवेत त्यांचा उपयोग थोडाच झाला असता.

पाणचक्कीच्या मोठ्या हौदाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. वर पाण्याचा जाड थर असल्यानं ऊन खाली पोचतच नाही. उन्हाळ्यात दुपारी या दालनात उतरून बघा, वरच्या अंगणातला आणि तिथला फरक अंगालाच कळेल.

> राजवाडा बघायला जाल तेव्हा
>
> पाणी कुठून येत असेल याचा अंदाज आधी बांधा. सगळ्यांत उंच हौद किंवा मनोरा शोधा आणि तिथून कारंज्याच्या तोंडापर्यंत नजरेनं उतार जोडा.
>
> कारंज्याची उंची त्या हौदापेक्षा जास्त सांगितली जात असेल तर ती गोष्ट रंगवलेली आहे.
>
> शेतात, रस्त्याकडेला एकटं दगडी धुराडं दिसलं तर त्याला हात लावू नका, त्यात कचरा टाकू नका. खाली सारणी असण्याची शक्यता मोठी.
>
> वाट उंच आणि वाफे खोल असतील तर बाग जुन्या पद्धतीची आहे.
>
> सिंदखेडराजाला तलाव आणि बारवा पावसाळ्यानंतर बघाव्यात. बांधाची घडण मात्र उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर चांगली कळते.

मग हे बंद का पडलं?

उंचीवर चालणाऱ्या यंत्राला झिजणारा सुटा भाग नसतो. तरीही यातली बहुतेक कामं आज मुकी आहेत. कारणं शोधायला फार खोल जावं लागत नाही. खापरी नळाच्या सांध्यात वडा-पिंपळाची मुळं शिरतात. नव्या इमारतीचा पाया खणताना जेसीबीच्या एका घावात नहर तुटते, आणि पुढच्या सगळ्या वाटेचं पाणी जातं. उच्छ्वासांवर घरं होतात, हवेला वाट उरत नाही.

पण खरा घाला बोअरवेलचा. नहर-ए-अंबरीसारख्या व्यवस्थेत बोगद्याचा तळ भूजलाच्या पातळीखाली असायलाच हवा. वरच्या अंगाला शे-दोनशे बोअर झाले, रात्रंदिवस उपसा झाला, की पातळी बोगद्याच्या तळाखाली जाते. त्या दिवशी बोगदा कोरडा पडतो. बोगद्याला खोल जाता येत नाही, बोअरला येतं, म्हणून या शर्यतीत नहर नेहमीच हरते. महाराष्ट्रात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्यानं आडकाठी आहे. माझ्या मते नहरींच्या झिरपणीच्या पट्ट्यांनाही हेच संरक्षण मिळायला हवं. इमारत जपायची आणि तिचं पाणी जाऊ द्यायचं, असं जतन अर्धंच म्हणायला हवं.

तलावांचं दुखणं वेगळं. तिथे गाळ साचतो आणि साठवण दर वर्षी थोडी थोडी घटते. त्याला उपाय आहे आणि तो आपल्या हातातला आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत शेतकरी तलावातला गाळ आपल्या शेतात नेऊन टाकतात, तलाव खोल होतो आणि हलक्या रानाला माती मिळते. ऐतिहासिक तलावात मात्र यंत्र लावण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाला सोबत घ्यावं. बांधाच्या पायथ्याशी पाणी सोडायची जुनी मोरी आणि तिच्या पुढच्या नळाचं तोंड गाळातच दबलेलं असतं. ते कुठे आहे याची खूण मे महिन्यात, पाणी सगळ्यांत खाली गेलेलं असताना करून ठेवावी आणि जेसीबी तिथून लांब ठेवावा. गळती दिसली म्हणून तिथे सिमेंट ओतू नये. सिमेंट चुन्यापेक्षा कडक, जुन्या बांधकामाबरोबर ते हलत नाही आणि शेजारी नवी चीर पाडतं. चुनाच वापरावा. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, पण दुरुस्तीची कामं निघाली तर त्यांच्या हाताखाली नवे तयार होतील.